पाठ असलेली खुर्ची

बेकरीच्या फाटकावर पाटी लागली त्याला चौदा महिने झाले.
'कामगार पाहिजेत. अनुभवाची अट नाही.'
मार्चमध्ये खाली एक ओळ वाढली : 'रात्रपाळीला जादा भत्ता.'
मेमध्ये आणखी एक : 'रुजू होताच दहा हजार क्राउन.'
ऑगस्टच्या उन्हात अक्षरं उडाली,
तेव्हा वोंद्राचेक मालक स्वतःच शिडीवर चढले
आणि जाड ब्रशने ती पुन्हा गिरवली.
शिडी धरायला माणूस नव्हता.
मी धरली.

हेच ते फाटक.
दहा वर्षांपूर्वी यिहलावातले भोंगे एकेक करून गप्प होत होते,
तेव्हा इथे पहाटे रांग लागायची
आणि मालक खिडकीकडे बोट करून म्हणायचे,
"बोहदाना, तुझ्या जागेवर यायला बाहेर बाराजण उभे आहेत."
मी खाली मान घालून रोहलीक मोजायचे,
एका ट्रेमध्ये साठ लांबट पाव, चाळीस सेकंदांना एक ट्रे,
आठ तास, उभ्याने.
तो बाराचा आकडा माझ्या टाचांत जाऊन बसला.
अजून तिथेच आहे.
डॉक्टर त्याला दुसरंच काही नाव देतात.

आता बाहेर कोणी नाही.
राडीम गोदामात गेला, ताशी वीस क्राउन जास्त म्हणून,
तीन आठवड्यांत तिथूनही उडाला.
ओयुनचिमेगला काचकारखान्याने राहायला खोली दिली;
जाताना ती मालकांना नावाने हाक मारून गेली.
आम्ही उरलो सातजण, एकवीसजणांच्या पट्ट्यावर.
मजुरी वाढली, खरं आहे.
पण मजुरीबरोबर पाठीचे मणके वाढत नाहीत.

मालक पहाटे तीनला स्वतः कणीक मळतात.
मनगटावर भट्टीचे डाग, नवशिक्यासारखे.
शाळेचं कंत्राट सोडलं. मंगळवारी भट्टी थंड.
मुलगा ब्र्नोत संगणकावर काहीतरी करतो,
आणि पाव, म्हणतो, तो खात नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला पाठ होतं.
कुणाचंही नाक दाबलेलं जवळून बघवत नाही,
हे नव्हतं.

आई वृद्धाश्रमात आहे, टेकडीपलीकडे.
तिथल्याही फाटकावर पाटी.
एकतीस खाटा, एकटी यारोस्लावा.
दोन वाजता आईला कूस बदलून द्यायची असते;
मी चारला पोचते आणि मीच देते.
यारोस्लावाला दुसरीकडे दुप्पट मिळत असेल.
मी देवाला काय सांगू,
तिला मिळो, की न मिळो?

परवा मालकांनी मला कचेरीत बोलावलं.
"तू जाणार नाहीस ना? किती हवेत, सांग."
आकडा माझ्याकडे तयार होता,
वर्षानुवर्षं ट्रे मोजताना मोजलेला.
तोंडातून निघालं, "खुर्ची. पाठ असलेली. पट्ट्यापाशी."
ते बघतच राहिले.
"एवढंच?"

त्या 'एवढंच'मध्ये माझी दहा वर्षं
आरामात मावली.
मग मला राग आला, उशिरा, पण चांगला आला.
"एवढंच नाही," मी म्हटलं,
आणि आकडाही सांगितला.

खुर्ची गुरुवारी आली. निळी.
किमतीचं लेबल पाठीवर तसंच :
एक हजार आठशे नव्वद.
पट्टा उंच, खुर्ची बुटकी;
मालक गुडघ्यांवर बसून पाना फिरवत राहिले
आणि मी वरून सांगत राहिले,
अजून थोडी, अजून थोडी.

पहिल्याच पहाटे त्या खुर्चीत मालकच झोपलेले सापडले.
तोंड उघडं, भुवयांवर पीठ.
पट्टा सुरू व्हायला दहा मिनिटं होती.
मी दहा मिनिटं उभी राहिले.
मग त्यांना उठवलं.