निवटी

दोनशे तेरा मशीन, एक यादी, एक आज्ञा.
रात्री दोन ते चार एवढीच मुभा असते आम्हाला,
जेव्हा बँकेची माणसं झोपलेली असतात
आणि त्यांचे पैसे जरा हळू चालतात.

मी बसते महाप्यात, पाचव्या मजल्यावर.
मशीन ऐरोलीला, खाडीच्या अंगाला.
रिक्षाने गेलं तर फार तर शंभर रुपये,
तरी कागदोपत्री आमचं काम दुरूनचं.
सहा वर्षांत एकदाही मी त्यांना हात लावलेला नाही.

यादी केली हिराजी मढवीने, माझ्या आधीच्या.
बाकीच्यांकडे मशीनला आकडे असतात,
ह्याने मासे ठेवले:
जिताडा-एक, जिताडा-दोन, चिंबोरी, बोय, काळुंदर,
बॅकअप घेणारी ती खरबी
आणि सगळ्यांत जुनी, कोपऱ्यातली, निवटी.
ऑडिटरने विचारलं होतं, हे कोड कुणाचे?
हिराजी म्हणाला, खाडीचे.

एंटर.
लूप निघतो दारोदार, एका वेळी दहा घरं.
प्रत्येक दाराला किल्लीची एक बाजू आधीच दिलेली,
दुसरी माझ्याकडे.
आत जा, बेवारस काम शोध, पूस, बाहेर ये, सांग.
शून्य म्हणजे बरोबर.
शाळेत ज्याच्यापायी छड्या खाल्ल्या
ते इथे ओळीने दिसलं की जिवाला बरं वाटतं.
जिताडा शून्य. बोय शून्य. काळुंदर शून्य.
दोनशे बारा.

निवटी गप्प.

दहा सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं, असं मीच लिहिलंय.
पण पावणेतीन वाजलेले, चहा यंत्रातला,
शेजारी नोएल तुस्कानो कीबोर्डवर कपाळ टेकून घोरतोय,
म्हणून गेले. लूपशिवाय, एकटी, हाताने टाइप करत.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा दार किलकिलं झालं.

आत एकच काम, अकरा वर्षांपूर्वीचं, रोज पहाटे तीनचं.
नऊ ओळी.
आजची तिथी काढ. पाऊणपट कर.
येईल तो आकडा एका फोनवर पाठव.
वर टीप: बायसाठी. पुसू नये.

मला आधी कळेचना. मी सोलापूरची,
आमच्याकडे नळाला पाणी आलं की भरती.
मग आठवलं, एकदा डबा खाताना तो बोटांवर मोजत होता,
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
पाऊणकी पाठ असली की खाडी पाठ.
म्हणाला होता, ह्या चिखलात पाय आमचे आधी,
तुमच्या केबली मागून.
हसून म्हणाला होता. मीही हसले होते.
बाय म्हणजे आई की बहीण, ते विचारायचं राहिलं.

नियम असा, मालक नसलेलं काम पुसायचं.
हिराजीचा आयडी बंद होऊन सहा वर्षं झाली.
कुणी म्हणतं मस्कतला आहे, कुणी म्हणतं घणसोलीत गाळा टाकलाय.
फोनचा नंबर दोनदा वाचला.
लावला नाही. एवढ्या पहाटे काय सांगणार,
मी कोण म्हणून सांगणार?

तेवढ्यात तीन वाजलेच.
षष्ठी. सहा पाऊण साडेचार.
मेसेज गेला. पोचल्याची खूण आली.
दिव्यात की गोठिवलीत, कुणाच्या उशाशी
एक फोन उजळला असेल,
की नुसताच एखादा टॉवर म्हणाला, बरं.

यादी उघडली.
निवटीच्या ओळीआधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची ती खूण टाकली.
लूप अशी ओळ वाचत नाही.
दिसते जाळ्यासारखी,
पण ती असली की मासा सुटतो.

अहवालात लिहिलं, यशस्वी दोनशे बारा, वगळलेले एक.
कारणाच्या रकान्यात कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
मग टाइप केलं, भरती.
सकाळी विचारतील, हा कुठला एरर.

नोएल उठला, कपाळावर अक्षरांचे चौकोन घेऊन.
संपलं का गं?
म्हटलं, साडेचारला.