ताडपत्री

आनंदनगरच्या जकात नाक्यावर सव्वीस वर्षं
एकच प्रश्न विचारला मी:
काय माल आहे?
दोरी सोड. ताडपत्री उचल. पावती दाखव. हं, चल.
आता जकात नाही,
आमची पत्र्याची टपरी कुणी नेली तेही ठाऊक नाही,
आणि कोलबाडला दुसऱ्या मजल्यावर
भर दुपारी
हा लॅपटॉप मलाच विचारतो,
परवानगी द्यायची का?

खालच्या मढव्यांची हर्षाली सांगून गेली,
काका, सेटिंग उघडा, प्रायव्हसीत जा,
एकेक बघा, घाई नको.
घाई मी तिथेही केली नाही.
मागे ट्रकवाले हॉर्न दाबून दाबून थकायचे.

तर एकेक.
पत्त्यांच्या खेळा, तुला माझा ठावठिकाणा कशाला?
बंद.
हवामानवाल्याला म्हणे मायक्रोफोन हवा.
माझा खोकला ऐकून ऊन पडणार आहे का?
बंद.
फायरवॉल: आत येणारे, बाहेर जाणारे.
हे ओळखीचं निघालं.
फक्त आम्ही आत येणाऱ्यालाच अडवायचो,
बाहेर काय गेलं
ते आयुष्यात कधी मोजलं नाही.

कॅमेऱ्याच्या डोळ्यावर सुनंदाची टिकली आहे.
मरून, छोटी.
तिला सेटिंगबिटिंग कळत नाही.
बघत असतो मेला, म्हणाली, आणि चिकटवली.
आज ती जराशी डावीकडे सरकलेली दिसते.

मायक्रोफोन. शेवटचा वापर:
आज, पहाटे चार सत्तावीस.
कॅमेरा. शेवटचा वापर:
आज, पहाटे चार सत्तावीस.

चार सत्तावीसला मी घोरत होतो.

खाली सगळं मांडलेलं असणार.
कुणाला लावला, किती वेळ,
काल, परवा, त्याआधी.
एक बोट दाबायचा अवकाश.
आत कुकरची दुसरी शिट्टी झाली.

एकदा रात्री भिवंडीचा एक टेम्पो आला.
कागदावर लिहिलेलं, कापडाचे तागे.
कोपरा उचलला तर आत एक पलंग उलटा,
शिलाई मशीन, डबे,
आणि मशीनला टेकून जागी बसलेली एक बाई.
ती काही बोलली नाही.
मीही नाही.
कोपरा खाली सोडला, दोरी स्वतः बांधली,
आणि रजिस्टरात लिहिलं: रिकामा.
साहेबांनी विचारलं असतं तर नोकरी गेली असती.

सुनंदा, जरा ये गं इकडे.
पदराला हात पुसत आली.
म्हटलं, तुझं वेगळं खातं काढलंय,
तुझ्या नावाचं.
पासवर्ड तू टाक. मला सांगू नकोस.
मला कशाला वेगळं? म्हणाली,
आणि लगेच बसली.

मी पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिलो.
समोरच्या गच्चीवर कुणी गाद्या उन्हात टाकल्या होत्या.
चाव्यांचे आवाज मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.
अकरा.
जुनी सवय, जात नाही.

झालं का?
थांबा, म्हणाली, अजून एकदा टाक म्हणतोय.
मग मी गाद्या मोजायला लागलो.