तीस मिनिटं

हजार मिलिलिटरचा काचेचा जार,
त्यात टाकीतलं पाणी, काठोकाठ,
आणि मी घड्याळ लावून बसते.
सकाळचं काम खरं तर एवढंच:
गाळ खाली बसतो का, बघायचं.

आधी नुसता गढूळ चहा.
पाचव्या मिनिटाला पुंजके एकमेकांना धरून
उतरायला लागतात,
जत्रेहून परतणारी माणसं टेकडी उतरतात तसे,
दमून, न बोलता.
वर राहतं ते पाणी.
पिऊ नये. पण बघत बसावंसं वाटतं.

सासवडच्या खालच्या अंगाला, कऱ्हेच्या काठी
आमचा प्लांट. रिक्षावाले वखारीपाशीच सोडतात,
"पुढं वास येतो, मॅडम."
येतो. पण कुठला, ते त्यांना माहीत नाही.
जिवंत गाळाला नुकत्याच खुरपलेल्या वाफ्याचा वास असतो.
सडक्या अंड्याचा आला तर समजायचं,
खाली कुणीतरी गुदमरतंय.
हे मला इनूस भालदारांनी शिकवलं.
सव्वीस वर्षं पंप चालवून
त्यांचे कान गेले, नाक शेवटपर्यंत शाबूत.

गाव मला ओळखत नाही. मी गावाला ओळखते.
नरकचतुर्दशीला पहाटेपासून फेस, त्यात उटणं.
रंगपंचमीनंतर दोन दिवस टाकी जांभळी.
लग्नसराईत तेल, जाळीवर मेणासारखं थिजलेलं.
शांपूच्या पुड्या, केसांचे बुचके, अर्धा कंगवा,
एकदा कवळी.
कुणी विचारायला आलं नाही.
धुऊन खिडकीत ठेवली, हसतेय अजून.

गुरुवारी वीज जाते. दुरुस्तीचा वार.
जनरेटर आहे. डिझेलचं बिल
नगरपालिकेत कुठल्याशा टेबलावर
माझ्या गाळापेक्षा निवांत बसलंय.
ब्लोअर थांबला की आधी कानांना पोकळी जाणवते,
मग बुडबुडे विरळ होतात,
मग नाहीतच.
हवेवाचून ते दोन तास काढतात, फार तर तीन.
आणि गाव काही थांबत नाही,
मोऱ्या, संडास, धुण्याच्या बादल्या,
येतच राहतं.
मग मी बायपासचा व्हॉल्व्ह फिरवते.
चौदा फेरे. गंजलाय, दोन्ही हात लागतात.
रजिस्टरमध्ये लिहिते: ठीक.

परवाच्या गुरुवारी फिरवताना
खाली पाइपाच्या तोंडाशी एक पोरगं बसलेलं,
गळाला कणकेची गोळी.
"ताई, आज मासा लागंल का?"
नऊ फेरे झाले होते.
आज नाही, म्हटलं, घरी जा.
"काल तर लागला हुता की,"
आणि बोटाएवढी लांबी दाखवली.

काल म्हणजे बुधवार.
म्हणजे आमचं पाणी.

किती वेळ चाक धरून उभी होते कोण जाणे.
मग उरलेले पाच फेरे फिरवले. दुसरं काय करणार,
टाकी भरून वर आली असती.
तो उठला, डबा उचलला, चड्डी झटकली,
एकदा पाइपाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

रजिस्टरमध्ये त्या दिवशी लिहिलं:
साडेदहा ते साडेचार वीज नाही.
गावाचं पाणी जसं आलं तसं नदीत सोडलं.
सही, वैजयंता गिरमे.
साहेबांनी अजून पान उलटलेलं नाही.

शुक्रवारी जार भरला.
तीस मिनिटं झाली, चाळीस झाली,
अर्धा गाळ मध्येच लोंबकळत,
वर जावं की खाली, ठरत नसल्यासारखा.
पाइपाशी कुणी नव्हतं.
मी जाऊन बघून आले.