एक दिवसाआड

साखर दोनशे ऐंशी, तीही उपाशीपोटी.
डॉक्टर कानुनगोंनी कागद खाली ठेवला,
विचारलं, "बाकी, घरी सगळं ठीक?"
मी म्हणालो, ठीक.
मुलगी पुण्यात, हप्ते फिटले, गच्चीला डांबर मारून झालं.
ते म्हणाले, तसं नाही, खरगोणकर.
मग त्यांच्या पेनाच्या टोपणाकडे बघत
मी ते सांगितलं
जे दोन वर्षं खपवत होतो
कधी ॲसिडिटीच्या नावावर, कधी रात्रपाळीच्या.

त्यांनी चिठ्ठीमागे एक नळी काढली,
आतून राप धरलेली, पेनाने काळी केलेली.
"रक्त पोचत नाही.
आणि निरोप नेणाऱ्या नसाही बधिर होतात."
मला हसूच आलं.
एकतीस वर्षं निगमात व्हॉल्व्ह फिरवतोय.
पहाटे साडेचारला बियाबानीची लाइन खोलतो,
जलूदहून चढून आलेली नर्मदा
गल्लीगल्लीत वाटतो, एक दिवसाआड.
शेवटच्या घरी पाणी का चढत नाही,
हे मला,
चित्र काढून!

त्याआधीचं त्यांना नाही सांगितलं.
रुळांलगतच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेलं नाव,
त्या नावाचा तंबू,
काळ्या गोळ्यांचे अडीच हजार,
आणि नाडी सोडून वैद्याने विचारलेलं,
"जवानी में गलतियाँ की थीं?"
केली ना.
सराफ्यात उभ्याने मावाबाटी, वर रबडी,
ड्यूटी सुटली की पोहे-जिलबी, रोज.
त्या चुका त्याला नको होत्या.
मग स्कूटर हाणत विजयनगर गाठलं,
ओळखीचं कुणी नसावं म्हणून.
काउंटरवरचा पोरगा चार डोक्यांवरून ओरडला,
"भिया, पचास वाली कि सौ वाली?"
मी खोकल्याचं औषध घेऊन घरी आलो.

ती काय समजत असेल?
एकदा भाचीच्या लग्नाआधी
नवी साडी नेसून आरशासमोर उभी राहिली,
पोटावरून हात फिरवला,
आणि साडी सोडून घडी घातली.
मी पेपर धरून बसलो होतो.
उलटा नव्हता, इतकंच.

डॉक्टरांनी आधी हृदय तपासलं, मग गोळी लिहून दिली.
कधी चालते, कधी नाही.
आणि म्हणाले, रोज रात्री पाय बघा,
जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही.
माझं पोट आड येतं.
म्हणून ती बघते.
मोबाइलचा टॉर्च, चष्मा कपाळावरून खाली,
माझी टाच तिच्या मांडीवर.
बोटांच्या बेचक्यांत बघते, तांदूळ निवडावेत तशी.
मग देवघरातली कोरडी वात तळव्यावरून फिरवते.
"इथं कळतंय?"
नाही.
"इथं?"
नाही.

परवा तिसऱ्या नाहीनंतर
म्हटलं, अगं,
पायाचंच नाही हे फक्त.
आणि सांगून टाकलं, नळीसकट, तंबूसकट.
तिने मान वर केली नाही.
"मला वाटलं, माझ्यामुळे."

तीन शब्द.
दोन वर्षं उशीखाली घेऊन निजत होती.

टॉर्च तिच्या हातात हलला, भिंतीवर माझा अंगठा
डोंगराएवढा झाला.
मग नाकातून हसली,
"अडीच हजार? त्या तंबूवाल्याला?
मला मिक्सर घ्यायला नाही म्हणालात."
मीही हसलो. ती डोळे पुसत होती
आणि मिक्सरची किंमत सांगत होती.

वात घोट्याशी आली.
"इथं?"
अंधुक.
पोटरीवर.
"इथं?"
थोडं.
गुडघ्यामागे येऊन तिने वात बाजूला ठेवली,
हात ठेवला.
विचारलं नाही.
कळतंय, मी म्हणालो,
कळतंय गं.

बाहेर कुणाच्या तरी मोटारीने हवा ओढली, बंद पडली.
त्या दिवशी आमच्या गल्लीची पाळी नव्हती.
नळ कोरडा होता.
बादल्या कालच्या,
काठोकाठ.