उकिडवा

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची बोटं
पाच दिशांना जातात.
करंगळी ओमाहात मोडली, मधलं विचिटामध्ये,
अंगठा दोनदा, दोन्ही वेळा मंगळवारी,
असं ते सांगतात.
मंगळवारचं मला खरं वाटत नाही.

रात्रीच्या सामन्याआधी त्याच नखांना
मी आईचं नेलपॉलिश लावायची,
लालभडक, पिचरला अंधुक उजेडात
खुणा दिसाव्यात म्हणून.
फुंकर मारून वाळवायची. ते हलायचे नाहीत.

चौदा वर्षं लहान लीगांच्या बसमधून.
मोठ्या लीगमध्ये अकरा दिवस,
त्यांत मैदानात एकदाही नाही.
कुंपणाआडच्या मातीत बसून
दुसऱ्यांचे खांदे गरम करून देत राहिले.
आई म्हणायची, लग्नाला गेला
आणि ताटं विसळून आला.

नवातल्या आठांची तोंडं एकीकडे,
कॅचरचं दुसरीकडे.
तिथून सगळं दिसतं, ते म्हणतात,
मागचं तेवढं सोडून.
मागे आम्ही होतो. जाळी, तापलेलं पत्र्याचं बाकडं,
शेंगदाण्याची टरफलं.
कितीतरी उन्हाळे मला बाप म्हणजे
पाठ ठाऊक होती,
आणि तिच्यावर चामडी पट्ट्यांची फुली.

आज त्यांना केअर्नीला घेऊन आलेय,
वृद्धाश्रमात, डेलबर्ट यूस्टला भेटायला.
डेलबर्टला बायकोचं नाव आठवत नाही,
चमचा कशासाठी असतो तेही.
एके काळी त्याचा चेंडू
प्लेटच्या हातभर अलीकडे
पायरी चुकल्यासारखा खाली जायचा.

वडिलांनी स्वतःचं नाव सांगितलं. मायलो. मायलो क्रुपिका.
काही नाही.
जुनी टोपी दाखवली. तिचा वास घेऊन
डेलबर्टनं ती मला दिली.

मग पलंगाची कड धरत, भिंत धरत,
अर्धे लोखंडाचे झालेले गुडघे दुमडत
ते फरशीवर उकिडवे बसले.
मी "अहो, नको" म्हणेपर्यंत बसलेच.
मांड्यांच्या सावलीत,
फक्त समोरच्याला दिसेल असं,
एक बोट काढलं.

डेलबर्टनं मान हलवली. नाही.

दोन बोटं.
नाही.
टीव्हीवर कुणीतरी गारपिटीचा इशारा देत होतं.

तीन बोटं, त्यातलं एक भलतीकडेच बघणारं,
आणि डेलबर्ट यूस्टची हनुवटी
अगदी जराशी
खाली आली.

वडिलांनी डावा पंजा उघडला, रिकामा,
गुडघ्याच्या किंचित खाली धरला,
आणि वाट पाहिली.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.

उठवायला मी आणि दोन नर्स लागलो.

गाडीत बराच वेळ गप्प.
मक्याची शेतं, सायलो, पुन्हा मका.
मग म्हणाले, "तिसराच टाकायचा तो. कायम तिसरा."
मग पहिल्यापासून कशाला सुरुवात केलीत?

"नाही म्हणायला आवडायचं त्याला," म्हणाले,
आणि काच खाली करून
हात बाहेर वाऱ्यात धरला.