सम संख्येची फुलं

क्लायपेडात मेलेल्यासाठी फुलं सम संख्येत आणतात.
दोन, चार, सहा. विषम आणली तर ती वाढदिवसाची.
शेजारची दांगुओले सहा घेऊन आली. पांढऱ्या लिली,
देठ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
काही न बोलता ओट्यावर ठेवून गेली.
मी त्या काचेच्या उंच बरणीत उभ्या केल्या.
घरभर एक जड, गोड वास,
जणू घरात कुणीतरी पावडर लावून बसलंय.

तू असतास तर दारातूनच परत पाठवल्या असत्यास.

तुझा तो वैताग! कांदा चिरला की पाट लगेच धुवायचा,
एक पाकळी खाली पडली तर जणू घराला आग.
सॉसेजचा दोरा डब्यात, डब्यावर झाकण, झाकणावर वजन.
माझी डोकेदुखीची गोळी एकदा फ्रिजखाली घरंगळली
तर रात्री अकराला फ्रिज सरकवलास,
एकट्यानं, कमरेत उसण भरेपर्यंत.
"एक गोळी, एल्वीरा, एका गोळीत खेळ खलास त्याचा,"
असं म्हणत पालथाच पडून राहिलास, गोळी चिमटीत धरून.
आणि वॉशिंग मशीन. बटण दाबण्याआधी
ड्रमवर तीन टकटक. मग आत हात फिरवायचा.
मी म्हणायचे, तो काय आतून
"कोण आहे?" म्हणून विचारणार आहे?

चाळीस वर्षं जहाजांच्या वायरी जोडल्यास,
तुला सगळीकडे उघडी तारच दिसायची.

देगतुकस, म्हणजे आगकाडी.
अंग सगळं पांढरं, शेपटीचा शेंडा तेवढा तांबडा.
नाव तूच ठेवलंस. त्या संध्याकाळी
तुझ्या खुर्चीत शिरताना पाहिलं,
त्याच्या मिश्यांवर पिवळी पूड.
छातीवर पिवळी. पंजा चाटत होता.

कसं आठवलं, ठाऊक नाही.
बाजारात एकदा माझा हात धरून
फुलवालीच्या बादलीपासून ओढून नेलं होतंस मला.
"ही नको. ही घरात कधीच नको."
मी तेव्हा रुसले होते. कारण विचारलंच नव्हतं.

ओला टॉवेल, पुसलं, त्यानं ओरबाडलं.
टॅक्सीवाला म्हणाला, आजी, मांजरच आहे ना.
मी म्हटलं, हो, मांजरच आहे, दामटा गाडी.

डॉक्टरीण पोरसवदा, आउस्तेया नाव, झोपेतून उठलेली.
पूड, पाकळी, बरणीतलं पाणीसुद्धा, ती म्हणाली.
मूत्रपिंडं जातात. किती वेळ झाला?
मला कुठं माहीत. त्या दिवसांत
घड्याळाकडे बघणंच सोडलं होतं मी.
पुढच्या पायावरचे केस काढले, सलाईन लावलं.
घरी जा म्हणाली. कुठल्या घरी?

तीन रात्री तो तिथं आणि मी इथं.
बरणी धुतली. ओटा धुतला. खुर्ची झटकली, मग पुसली,
मग झटकायला नको होती म्हणून पुन्हा पुसली.
तुझ्यासाठी रडू आलं नव्हतं अजून.
लोक बघत होते, आणि ते येत नव्हतं.

चौथ्या पहाटे फोन.
"आजी, रक्त बरं आलंय. आणि लघवी केली त्यानं. भरपूर.
माझ्या एप्रनवरच."

मग आलं. जमिनीवर बसूनच आलं,
फ्रिजला पाठ टेकवून,
जिथं तू पालथा पडला होतास.

लिली मी तुझ्याकडे आणून ठेवल्यात.
सहाच आहेत, मोजून घे.
दांगुओलेला अजून काही सांगितलेलं नाही,
तिनं मनापासून आणल्या होत्या.

आज पहिल्यांदा तुझे शर्ट धुवायला काढले.
देगतुकस खिडकीत, डोळ्यांसमोर, ऊन खात,
पायावर केस काढल्याची गुलाबी खूण.
तरी ड्रमवर तीनदा टकटक केली.
जरा थांबले.
आत हात घालून पार मागपर्यंत फिरवला.