चौपन्नाव्या चालीला

लिएपायाच्या बंदराजवळ, नाविकांच्या जुन्या सभागृहात
पाचव्या फेरीची यादी भिंतीवर लागली.
सातव्या टेबलावर नावं आली
गुनवाल्दिसचं आणि स्काइद्रीतेचं,
तेव्हा ज्येष्ठ गटातले सगळे तोंडं फिरवून हसले.

एकाच जिन्यावरची माणसं.
तो वर, ती खाली,
मध्ये तिच्या छतावरचा पिवळा डाग;
सहा वर्षांपूर्वी त्याचा नळ फुटला,
तेव्हापासून बोलणं बंद.

हात मिळवावाच लागतो, नियम आहे.
तिनं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं.
त्यानंही तेच. दाराला दार.
आपला वजीर तिकडे बाई असते म्हणे,
मिशा नसलेली, कुणाला न विचारता
पटभर फिरणारी.

मग तिनं शेजारचं प्यादं पुढे केलं.
खायचं तर खा.
त्यानं खाल्लं नाही.
फुकटचं तो घेत नसे कुणाचं,
आणि देतही नसे;
छताच्या रंगाचे पैसे मागितले होते तिनं, तेव्हा कळलंच होतं.

थर्मासातला चहा संपला.
खिडकीच्या फटीतून बाल्टिकचा वारा
नोंदीच्या कागदाचा कोपरा उचलत राहिला.
तेविसाव्या चालीला तिचा हात
घोड्याच्या कानापर्यंत गेला,
न शिवता परत आला.
समोर त्याच्या कपाळावर घाम.

वजीर वजिराला लागले, हत्ती हत्तींना.
उरले दोन उंट,
एक पांढऱ्या घरांवरून तिरका चालणारा, एक काळ्या,
जन्मात एकमेकांच्या वाटेत न येणारे.
त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं.
पण काय करणार त्याचं?

चौपन्नावी चाल करून तो म्हणाला,
"बरोबरी?"
सहा वर्षांतला पहिला शब्द.
तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"चालेल."

ट्रामच्या थांब्यावर दोघं, मध्ये एका माणसाची जागा.
"तेविसाव्या चालीला घोडा का नाही नेलास? मेलो होतो मी."
"दिसलं होतं," ती म्हणाली.
"पण तू ठेवलेलं, म्हणजे सापळाच असणार."
तो इतका हसला की त्याला खोकला आला.
ट्राम आली. जागा होत्या, तरी दोघं उभेच राहिले.

रात्री अकराला वरून आवाज.
टक्. बराच वेळ काही नाही. टक्.
पट मांडलाय त्यानं पुन्हा.
ती अंथरुणात उताणी,
डागाकडे बघत मोठ्यानं म्हणाली,
"आधी उंट हलव, मूर्खा."

वरचा आवाज थांबला.
मग, टक्.